ऑर्थोडॉन्टिक रुग्णनोंदींच्या सादरीकरणासाठी पुनर्वापरयोग्य संगणकीय साचा

प्रस्तावना :
वेडेवाकडे दात व जबड्यांतील विसंगती सुधारणारी दंतवैद्यकाची शाखा म्हणजे ऑर्थोडॉन्टिक्स होय. हे उपचार अनेकदा दीड ते दोन वर्षे चालतात. बदल अत्यंत संथ असल्याने आरंभीची व अखेरची स्थिती शेजारी ठेवून पाहणे, हा मूल्यमापनाचा प्रमुख आधार ठरतो. मात्र नोंदींची मांडणी प्रत्येक वेळी निराळी असेल, तर ही तुलना फसवी ठरते. यावरील उपाय म्हणून संगणकीय साच्याचा विचार करता येतो.

साच्याची रचना :
पॉवरपॉइंटमधील ‘स्लाइड मास्टर’ या सुविधेत रिकाम्या चित्रचौकटी एकदाच आखता येतात. त्यांत सामान्यतः पुढील नोंदींचा समावेश होतो :
१. चेहऱ्याची तीन छायाचित्रे : समोरून, हसताना व बाजूने.
२. तोंडातील पाच छायाचित्रे : समोरून, उजवीकडून, डावीकडून, वरची व खालची दंतकमान.
३. संपूर्ण जबड्याचे क्ष-किरण चित्र व लॅटरल सेफॅलोग्राम.
४. मोजमापांचा तक्ता : प्रमाण मूल्य, उपचारपूर्व व उपचारोत्तर असे तीन स्तंभ. उदाहरणार्थ, स्टायनर यांच्या विश्लेषणात एस.एन.ए. कोनाचे प्रमाण मूल्य ८२ अंश, तर एस.एन.बी.चे ८० अंश मानले जाते.
चौकट रिकामी राहिल्यास कोणती नोंद घ्यावयाची राहिली, हे तत्काळ ध्यानात येते.

आवश्यक दक्षता :
छायाचित्र चौकटीत बसविण्यासाठी ताणू नये. त्यामुळे चेहऱ्याचे प्रमाणच बदलते. आरशातून टिपलेले छायाचित्र योग्य दिशेने उलटवून घ्यावे. अन्यथा उजवी-डावी बाजू बदलून दिसते. जुन्या रुग्णाच्या फाइलवरच नवी माहिती भरण्याची सवय घातक आहे, कारण आधीची आकडेवारी नकळत तशीच राहू शकते. म्हणून साचा स्वतंत्र ‘टेम्प्लेट’ स्वरूपात जतन करावा.
गोपनीयतेचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. डोळ्यांवर ठेवलेली काळी पट्टी फाइल मिळालेल्या कोणालाही हटविता येते. कापलेला भागही मुद्दाम पुसून टाकेपर्यंत फाइलमध्ये शिल्लक असू शकतो. या उपचारांत अल्पवयीन रुग्णांचे प्रमाण मोठे असल्याने पालकांची लेखी संमती घेणे अगत्याचे आहे.

समारोप :
साचा निदान करीत नाही, तसेच सदोष छायाचित्र निर्दोषही करीत नाही. मात्र तो तुलनेला स्थिर चौकट देतो. अशा चौकटीमुळे दातांत झालेला बदल आणि केवळ मांडणीमुळे भासणारा बदल यांतील भेद ओळखणे सुकर होते.