आवाजाचा लगाम: व्हॉल्व्ह कॉम्प्रेसर

व्हॉल्व्ह कॉम्प्रेसर हे ध्वनिमुद्रणातले एक यंत्र आहे. आवाज ठरवून दिलेल्या पातळीच्या वर गेला की ते त्याला दाबून खाली आणते, आणि हे काम जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या निर्वात नळ्यांच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या, मदतीने करते. फ्रिजमधल्या किंवा पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरशी त्याचे नाते नावापुरतेच. तिथे वायू दाबला जातो, इथे आवाजातला चढउतार.

हा चढउतार माणसाच्या कानाला जड जात नाही, यंत्राला जातो. गायिका मुखडा जवळजवळ कुजबुजत घेते आणि पुढच्याच ओळीत तार षड्जाला भिडते. समोर बसलेल्या श्रोत्याला त्यात काही खटकत नाही. पण ध्वनिमुद्रणात बाकीची वाद्ये सोबत वाजू लागली, की कुजबुज त्यांच्याखाली बुडते आणि तार षड्ज अंगावर येतो. यावरचा सर्वांत जुना उपाय म्हणजे रेकॉर्डिस्टचा हात. गाणे चालू असताना आवाजाच्या बटणावर बोट ठेवायचे, मोठा स्वर येणार असे वाटले की कमी करायचे, ओसरला की वाढवायचे. ज्याला गाणे पाठ आहे असा रेकॉर्डिस्ट हे सुंदर करतो. तरीही तबल्याच्या एका थापेइतक्या वेळात हात हलत नाही, आणि तिथेच यंत्राची गरज लागते.

यंत्राला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: कोणत्या पातळीपासून दाबायचे आणि किती दाबायचे. पहिलीला थ्रेशोल्ड म्हणतात, दुसरीला रेशो. रेशो चारास एक असेल, तर थ्रेशोल्डच्या वर ८ डेसिबल उसळलेला आवाज २ डेसिबलच वर जातो. आणखी दोन गोष्टी वेळेच्या आहेत. आवाज उसळल्यावर यंत्राने किती चटकन पकडायचे तो अटॅक, आणि ओसरल्यावर किती हळू सोडायचे तो रिलीज. शिखरे अशी खाली आली, की सगळाच आवाज उचलून घ्यायला जागा मिळते. त्यामुळे मोठा आवाज दाबणारे हे यंत्र शेवटी गाणे अधिक मोठे आणि अधिक जवळचे करते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटे वाटते, पण कॉम्प्रेसर वापरण्याचे निम्मे कारण हेच आहे.

या यंत्राचा जन्म मात्र संगीतासाठी झाला नाही. रेडिओ प्रक्षेपकात आवाज मर्यादेबाहेर गेला की प्रक्षेपण फाटते आणि शेजारच्या केंद्रांवर खरखर जाते. म्हणून १९३० च्या दशकात अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकसारख्या कंपन्यांनी प्रक्षेपकाच्या आधी बसवायचे लिमिटर, म्हणजे आवाजाला मर्यादेत रोखणारे कॉम्प्रेसर, तयार केले. पुढच्या काळात आरसीए, गेट्स, कॉलिन्स यांची यंत्रेही रेडिओ केंद्रांच्या कपाटांतच बसत. तबकडी कोरणाऱ्यांची अडचण वेगळी, पण त्याच जातीची होती. आवाज फार मोठा झाला तर खाच शेजारच्या खाचेत घुसते किंवा सुई उडते. थोडक्यात, अपघात टाळणे हे कॉम्प्रेसरचे मूळ काम. आपल्या अस्तित्वाची जाणीव न होऊ देणे हीच त्याची लायकी मानली जाई.

व्हॉल्व्हची रचना तशी साधी. काचेच्या नळीतली हवा काढून घेतलेली असते. आत तापलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो आणि धन विद्युत दाबाची प्लेट ते ओढून घेते. या दोघांच्या मध्ये तारेची जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. ग्रिडवर थोडा ऋण दाब दिला की इलेक्ट्रॉनचा ओघ आटतो, कमी केला की वाढतो. ग्रिडवरच्या इवल्याशा बदलाने प्लेटकडचा मोठा प्रवाह हलतो, म्हणून व्हॉल्व्ह आवाज वाढवू शकतो. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये कॅथोड आणि प्लेट यांच्यामध्ये ही तिसरी वस्तू घातली आणि इलेक्ट्रॉनिक्सचे दार उघडले.

साध्या व्हॉल्व्हच्या ग्रिडमध्ये तारेचे वेढे सारख्या अंतरावर असतात. ऋण दाब एका हद्दीपलीकडे गेला की ओघ एकदम बंद पडतो. कॉम्प्रेसरला असा तुटक स्वभाव चालत नाही. त्याच्यासाठी वेढे मुद्दाम कमीजास्त अंतरावर गुंडाळतात. दाट भागातला ओघ आधी थांबतो, विरळ भागातला बराच वेळ चालू राहतो. दाब वाढवत नेला तसा व्हॉल्व्हचा जोर हळूहळू उतरतो. व्हॉल्व्हच्या या जोराला ‘म्यू’ या ग्रीक अक्षराने दाखवतात, म्हणून या जातीला व्हेरिएबल म्यू असे नाव पडले. ही जातही मुळात रेडिओसाठीच निघाली होती: दूरचे आणि जवळचे केंद्र साधारण एकाच आवाजात ऐकू यावे यासाठी.

कॉम्प्रेसरमध्ये आवाजाचाच एक हिस्सा बाजूला काढून त्याचा एकदिश दाब बनवतात, तो कपॅसिटरमध्ये साठवतात आणि ऋण करून ग्रिडला देतात. आवाज जितका मोठा, तितका दाब जास्त आणि व्हॉल्व्ह तितका मवाळ. कपॅसिटर किती वेळात भरतो आणि किती वेळात रिकामा होतो, यावर अटॅक आणि रिलीज ठरतात. यातून एक स्वभाव आपोआप येतो. थ्रेशोल्डजवळ यंत्र हलके दाबते आणि आवाज आणखी चढला तर रेशोही चढत जातो. दाबायला नेमकी कुठून सुरुवात झाली, हे कानाला सांगता येत नाही. व्हॉल्व्ह कॉम्प्रेसरच्या ज्या मऊपणाची एवढी वाखाणणी होते, त्याचे मोठे कारण या चढत्या रेशोत आहे. काचेत किंवा तिच्या केशरी उजेडात नाही.

एक अडचण मात्र राहते. नियंत्रणाचा दाब एकाएकी बदलला, की तो बदलही आवाजात ‘धप्प’ असा ऐकू येतो. म्हणून व्हॉल्व्ह जोडीने लावतात. आवाज दोघांत उलटसुलट जातो आणि दाब दोघांना सारखाच मिळतो. पुढच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आवाजाची बेरीज होते, ‘धप्प’ची वजाबाकी. हे तेव्हाच जमते, जेव्हा जोडीतले दोन्ही व्हॉल्व्ह मोजून सारखे निवडलेले असतात.

या घराण्यातले सर्वांत गाजलेले यंत्र म्हणजे फेअरचाइल्ड. एस्टोनियात जन्मलेले अभियंते राइन नार्मा यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस न्यू यॉर्कमध्ये त्याची रचना केली. एका वाहिनीचे ६६०, दोन वाहिन्यांचे ६७०. ६७० मध्ये २० व्हॉल्व्ह आणि दहाहून अधिक ट्रान्सफॉर्मर आहेत आणि वजन सुमारे ३० किलो, म्हणजे एकट्याने उचलायची वस्तू नव्हे. त्याचा जलद अटॅक सेकंदाच्या पाच हजाराव्या भागात पकड घेतो. कपॅसिटर इतक्या झटक्यात भरायचा, तर नियंत्रणाच्या बाजूलाही दणकट अँप्लिफायर लागतो. वजनाचा बराच वाटा त्याचा. वेळेच्या बटणाला सहा जागा आहेत. शेवटच्या दोन जागांवर यंत्र गाण्याकडे पाहून रिलीज ठरवते: एकटीदुकटी उसळी आली तर लवकर सोडते, आवाज सतत मोठाच राहिला तर २५ सेकंदांपर्यंत रेंगाळते.

६७० मुळात स्टिरिओ तबकडी कोरण्यासाठी होते. स्टिरिओ खाचेत दोन्ही वाहिन्यांचा सामाईक आवाज सुईला आडवा हलवतो आणि दोघींमधला फरक तिला वरखाली हलवतो. वरखाली हालचाल जास्त झाली तर खाच उथळ होते आणि सुई टिकत नाही. म्हणून ६७० मध्ये आडवा आणि उभा भाग वेगवेगळा दाबायची सोय ठेवली होती. आजच्या मास्टरिंगमध्ये मधला आवाज आणि कडांचा आवाज वेगळा काढून हाताळतात, ती हीच युक्ती.

सुरक्षारक्षक म्हणून आणलेले हे यंत्र लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत कलाकार झाले. १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’ या बीटल्सच्या अल्बमच्या वेळी तरुण ध्वनियंत्री जेफ एमरिक यांनी रिंगो स्टारचे ड्रम फेअरचाइल्ड ६६० मधून इतके दाबले, की प्रत्येक आघातामागून खोलीचा आवाज लाटेसारखा उसळून येतो. रेडिओच्या अभियंत्याने हा बिघाड म्हणून नोंदवला असता. त्याच स्टुडिओत अमेरिकन आल्टेक कंपनीचे साधे कॉम्प्रेसर स्टुडिओची मालक कंपनी ईएमआयच्या तंत्रज्ञांनी उघडून स्वतःच्या गरजेप्रमाणे बदलून घेतले होते. त्यांना आरएस १२४ असे नाव मिळाले.

दुसरे घराणे अगदी वेगळ्या वाटेने जाते. कॅलिफोर्नियात जिम लॉरेन्स यांनी घडवलेल्या टेलिट्रॉनिक्स एलए-२ए मध्ये दाबण्याचे काम व्हॉल्व्ह करतच नाहीत. आवाजाच्या जोरावर आत एक छोटी पट्टी उजळते. तिच्यासमोर कॅडमियम सल्फाइडचा प्रकाशसंवेदी रोधक असतो. उजेड वाढला की त्याचा रोध घटतो आणि आवाज खाली येतो. व्हॉल्व्ह फक्त आवाज वाढवतात आणि ती पट्टी पेटवतात. अटॅक साधारण १० मिलिसेकंदांचा. रिलीजचा पहिला निम्मा भाग ६० मिलिसेकंदांत उरकतो, उरलेल्याला अर्ध्यापासून पाच सेकंदांपर्यंत लागू शकतात. उन्हातून घरात आल्यावर डोळे सरावायला जसा वेळ लागतो, तसे या रोधकाचे होते. जितका वेळ उजेड पाहिला, तितका तो उशिरा सावरतो.

या दिरंगाईमुळेच एलए-२ए गळ्याला मानवतो. मुख्य बटणे दोनच, एक आवाज दाबण्याचे आणि एक उचलण्याचे. चुकायला फारसा वाव नाही. गायनासाठी ३ ते ५ डेसिबलचा दाब ही नेहमीची सुरुवात. अनेक ध्वनियंत्री त्याच्या आधी एक चपळ ट्रान्झिस्टर कॉम्प्रेसर लावतात. तो टोकदार उसळ्या छाटतो आणि एलए-२ए मागून सावकाश समतोल आणतो. मुद्रण करतानाच आवाज कॉम्प्रेसरमधून घ्यायचा, की कोरा घेऊन नंतर दाबायचा, यावर स्टुडिओत वाद रंगतात. गायकाला आपलाच आवाज कानात नीट बसलेला ऐकू आला तर तो मोकळा गातो, हा पहिल्या पद्धतीचा खरा फायदा. जास्त दाबलेला आवाज पुन्हा उलगडता येत नाही, हा तिचा धोका.

हिंदुस्थानी संगीतात हात आणखी आखडता ठेवावा लागतो. दाबून उचलले की तानपुऱ्याचा झंकारही वर येतो, आणि गायक थांबताच तो पुढे सरकतो व सुरुवात होताच मागे हटतो, जणू श्वास घेतो आहे. अटॅक फार जलद असेल तर तबल्याच्या ‘ना’चा कणखर टोकदारपणा बोथट होतो आणि मागचा घुमारा तेवढा उरतो.

मास्टरिंग म्हणजे गाण्याच्या सगळ्या वाद्यांचे मिश्रण झाल्यावरचा शेवटचा हात. इथे कॉम्प्रेसर एका आवाजावर नव्हे, पूर्ण गाण्यावर बसतो, म्हणून मापे बदलतात: रेशो दीडास एकच्या आसपास, अटॅक सावकाश, मीटरची सुई १ ते २ डेसिबलच्या पलीकडे क्वचितच. मॅन्ली कंपनीचे ‘व्हेरिएबल म्यू’ हे यंत्र १९९० च्या दशकापासून या कामासाठी नावाजले गेले आहे. बेस ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला पूर्ण गाणे खाली दबू नये म्हणून नियंत्रणाकडे जाणाऱ्या आवाजातून खर्ज गाळून टाकतात. मास्टरिंगच्या यंत्रांत बटणे सलग न फिरता टप्प्याटप्प्याने फिरतात. सहा महिन्यांनी तेच गाणे परत आले, तर तीच मांडणी पुन्हा लावता यावी हा हेतू.

‘व्हॉल्व्हमुळे ऊब येते’ हे वाक्य या क्षेत्रात फार सैल वापरले जाते. व्हॉल्व्ह मूळ स्वरात त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे अंश मिसळतात हे खरे. दुप्पट म्हणजे तोच स्वर वरच्या सप्तकात, त्यामुळे तो खटकत नाही. पण जोडीने लावलेल्या व्हॉल्व्हमध्ये दुप्पटीचे अंश बरेचसे आपसांत कटतात आणि तिपटीचे उरतात. ट्रान्सफॉर्मरही खर्जात आपला रंग मिसळतो. शिवाय कॉम्प्रेसर चालू केल्यावर गाणे अर्ध्या डेसिबलने जरी मोठे झाले, तरी कानाला ते ‘चांगले’ वाटते. त्यामुळे आधीचा आणि नंतरचा आवाज एका पातळीवर आणूनच तुलना करायची असते. तसे केल्यावर ऊब पुष्कळदा निम्मी होते.

१९९० च्या दशकानंतर गाणी अधिकाधिक मोठी करण्याची जी चढाओढ लागली, तिचा दोष मात्र या यंत्रांवर येत नाही. ती डिजिटल लिमिटरची करणी होती. व्हॉल्व्ह कॉम्प्रेसरला तितके ताणले तर तो आधी धापा टाकू लागतो.

ही यंत्रे सांभाळणे खर्चाचे आहे. चालू केल्यावर २० ते ३० मिनिटे तापू दिल्याशिवाय माप स्थिर होत नाही. व्हॉल्व्ह म्हातारे झाले की सुस्कारे टाकतात आणि जोडी जुळेनाशी होते. आतला दाब २०० ते ३०० व्होल्टचा असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये रेंगाळतो, म्हणून झाकण जाणकारानेच उघडावे. फेअरचाइल्डमधल्या ६३८६ या व्हॉल्व्हचे मूळ उत्पादन केव्हाच थांबले आणि जुना साठा महाग झाला. बहुतेक स्टुडिओ आता याच यंत्रांच्या संगणकीय प्रतिकृती वापरतात. पूर्वी एका गाण्यासाठी एक फेअरचाइल्ड मिळणे मुश्कील होते. संगणकावर दहा वाद्यांवर दहा लावता येतात. प्रतिकृती बनवताना मात्र एखादे विशिष्ट यंत्र मोजावे लागते. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन कंपन्यांनी केलेल्या प्रतिकृती वेगळ्या वाजतात, जशी मूळ यंत्रेही एकमेकांपासून वेगळी वाजत आली आहेत.