लालबेंकची दोरी

फ्रान्सच्या खेड्यांतील बाजारांची जी वर्णने आपल्या वाचनात येतात, त्यांत चीजची चक्रे, मधाच्या बरण्या, फुलांचे ताटवे आणि सकाळचे कोवळे ऊन यांपलीकडे सहसा काही नसते. ती वाचून तेथे जावे अशी उत्कंठा मला कधी झाली नाही. परंतु नैऋत्येकडील केर्सी मुलुखात लालबेंक नावाचे एक लहानसे गाव आहे, तेथे हिवाळ्यात ट्रफलचा बाजार भरतो, विक्रेते व खरेदीदार यांच्यामध्ये एक दोरी ताणलेली असते, आणि ठरल्या वेळी शिट्टी वाजेपर्यंत ती ओलांडून माल उचलण्याची कुणासही मुभा नसते, असे ऐकले तेव्हा मात्र हा प्रकार पाहिल्याखेरीज राहवेना. जेथे जिन्नस ओंजळीत मावणारा आणि भाव किलोला काही शे युरोंचा, तेथे पैसेवाल्यांवर एका साध्या दोरीचा अंमल चालतो तरी कसा, हे मला पाहावयाचे होते.

काओर शहराच्या आग्नेयेस थोडे अंतर गेले की चुनखडीचे उघडेबोडके पठार लागते. खुरट्या ओक वृक्षांची विरळ राने आणि चुन्याशिवाय एकावर एक रचलेल्या दगडांची कुंपणे एवढीच त्या प्रदेशाची संपत्ती दिसते. खरी संपत्ती जमिनीखाली असते. ट्रफल हे ओकच्या मुळांशी साहचर्य करून भूगर्भात वाढणारे कवक. रोप लावल्यावर पहिले फळ हाती येण्यास सात-आठ, कधी दहा वर्षे वाट पाहावी लागते, आणि मग झाडाभोवतीचे गवत आपोआप करपून उघडे वर्तुळ पडले म्हणजे आशेला जागा झाली असे समजतात. पूर्वी शोधाचे काम डुकरीण करीत असे. परंतु सापडलेला ऐवज स्वतःच फस्त करण्याची तिची इच्छा आवरणे धन्याला जड जाई, म्हणून आता ते काम बहुतेक ठिकाणी, पावाच्या तुकड्यावर संतुष्ट होणाऱ्या कुत्र्याकडे आले आहे.

बाजार डिसेंबरपासून मार्चपर्यंत, दर मंगळवारी, तोही दुपारी भरतो. गावाच्या ज्या रस्त्यावर तो भरतो, त्याला नावच ट्रफलबाजाराचे दिलेले आहे. रस्त्याच्या एका अंगाला लांबलचक बाकांची रांग, बाकांवर वेताच्या करंड्या, त्यांच्या मागे विक्रेते, पुढे दोरी, आणि दोरीपलीकडे व्यापारी, उपाहारगृहांचे मालक व माझ्यासारखे बघे. किरकोळ गिऱ्हाइकांची सोय वेगळी असते. येथे करंडी घ्यावयाची ती सगळीच्या सगळी.

त्या रांगेत एका वृद्ध बाईंपाशी मी पुनःपुन्हा जाऊन उभा राहत होतो. त्यांच्या इवल्याशा करंडीत निळ्या चौकड्यांचे फडके अंथरलेले होते आणि त्याच्याच चार पदरांनी माल झाकलेला होता. कुणी जवळ आले की त्या दोन बोटांनी एक पदर किंचित उचलीत, त्याने वाकून वास घेतला की लगेच झाकीत. हे करताना चेहऱ्यावर आर्जवही नसे आणि ताठाही नसे. पदर उचलताच जो गंध वर येई, त्यात ओली माती होती, कुजलेली पाने होती, लसणाची पुसट छटा होती, आणि त्या सर्वांच्या तळाशी काहीतरी असे होते की जे प्रथम नकोसे वाटावे आणि दूर गेल्यावर पुन्हा हवेसे वाटावे. एका कंदाला चाकूने नखाएवढी खाच पाडलेली होती, आणि तीतून आतला काळा गर व त्यावरील पांढऱ्या शिरांचे बारीक जाळे दिसत होते. हाच अस्सलपणाचा दाखला. कारण याच कुळातील हलक्या जाती बाहेरून इतक्या हुबेहूब असतात की केवळ नजरेवर विसंबणारा फसलाच म्हणून समजावे.

शेजारच्या बाकामागील म्हातारेबुवा बोलके होते. “एके काळी हजार टन!” ते म्हणाले, सबंध फ्रान्सचे एका हंगामाचे ट्रफल हजार टनांवर जात असे आणि आज त्याचा विसावा हिस्सा निघाला तरी पुष्कळ, असे त्यांचे म्हणणे. या हजार टनांमागील इतिहास सुखाचा नाही. 1870 च्या दशकात आलेल्या फिलॉक्सेरा या किडीने या भागातील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, आणि ओसाड पडलेल्या त्या मळ्यांत शेतकऱ्यांनी ओक लावले. एका नाशातून दुसरी समृद्धी उगवली. पुढे 1914 च्या महायुद्धाने गावोगावचे तरुण नेले, उरलेल्यांपैकी बहुतेकांना शहरांनी ओढले, राने माजली, झाडांखाली ऊन पोहोचेनासे झाले, आणि जमिनीने देणे बंद केले. 1970 च्या दशकापासून प्रयोगशाळेत मुळांवर कवक रुजवलेली रोपे मिळू लागली. तरी हजार टन काही परत आले नाहीत.

शिट्टीपूर्वीचा वेळ वरवर निवांत दिसतो. पण व्यापारी रांगेवरून फिरत असतात, वास घेतात, भुवई उंचावतात, कानाशी लागून आकडा पुटपुटतात किंवा कागदाच्या चिटोऱ्यावर खरडून दाखवतात. आपल्याकडच्या बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव सांगतात, त्याच जातीची ही गुप्तता. म्हणजे सौदा मनात आधीच ठरतो, आणि दोरी हा केवळ देखावा, असे कुणी म्हणेल. मलाही प्रथम तसेच वाटले. परंतु ट्रफलचा स्वभाव ध्यानी घेतला की दोरीचा अर्थ उलगडू लागतो. हा माल खोदून काढल्या क्षणापासून सुकू लागतो; दर दिवशी वजन घटते आणि आठ-दहा दिवसांत सुगंधही सरतो. आज न विकलेली करंडी पुढच्या मंगळवारी हलकी होऊन येणार, हे विक्रेत्याला माहीत असते आणि व्यापाऱ्याला त्याहून अधिक माहीत असते. अशा मालाच्या धन्याला सकाळीच गावाबाहेर गाठून, चार नोटा दाखवून मोकळे करणे किती सोपे! रिशरांश गावच्या प्रसिद्ध शनिवारच्या ट्रफलबाजारात मोटारींच्या उघड्या डिक्यांपाशी व्यापारी आणि शेतकरी एकेकटे भेटून व्यवहार उरकतात. लालबेंकच्या शिरस्त्यात मात्र सर्वांनी एका रांगेत, एकाच वेळी, एकमेकांच्या देखत उभे राहावयाचे असते.

शिट्टी झाली, दोरी खाली पडली, आणि पुढचे सारे इतक्या त्वरेने घडले की त्याचे वर्णन एका वाक्यात संपते: हात पुढे आले, करंड्या उचलल्या गेल्या, तराजू लागले, नोटा मोजल्या गेल्या. बाईंची करंडी एका जाड कोटवाल्या गृहस्थाने घेतली. त्यांनी सांगितलेला आकडा त्याने मान हलवून नाकारला, त्यांनी दोरीपलीकडच्या दुसऱ्या माणसाकडे नुसती नजर टाकली, आणि गृहस्थाचा आकडा किंचित वर सरकला.

घरी येऊन अधिक भाव देणारे कुणी नाहीत काय, असे मी मागाहून विचारले. “आहेत की,” बाई म्हणाल्या, “पण ते मंगळवारचा भाव पाहूनच बोलतात. आम्ही येथे आलोच नाही, तर भाव ठरवायचा कुणी?”

या उत्तरात त्या बाजाराचे जेवढे मर्म आहे, तेवढे ट्रफलला ‘काळा हिरा’ म्हणून त्याची स्तोत्रे गाणाऱ्या साऱ्या लेखांत मिळून नाही. दोरीने बाईंना श्रीमंत केले नाही. पैसा व्यापाऱ्याकडेच होता आणि पुढचा नफाही त्याचाच. हजार टनांच्या काळात तरी याहून निराळे होते असे मानण्यास मला आधार दिसत नाही. परंतु व्यापाऱ्याला आपला आकडा चारचौघांत उच्चारावा लागला, शेजारच्या करंडीचा आकडा बाईंच्या कानी पडल्यावर उच्चारावा लागला, आणि वेळेआधी हात घालता आला नाही. नाशिवंत माल घेऊन बाजारात उभ्या राहिलेल्या माणसाच्या पदरात याहून अधिक न्याय क्वचितच पडतो. बहुतेक ठिकाणी एवढाही पडत नाही.