बाबांच्या नावाने धावायचंय? आधी ईसीजी, मग बूट

बेळगाव : बाबा जानेवारीत गेले. वय ५३, हार्ट अटॅक. गणपती झाल्यावर मी घरात विषय काढला. वर्षश्राद्धाच्या महिन्यातच मुंबई मॅरेथॉन असते, तिथे बाबांच्या नावाने २१ किलोमीटर धावतो आणि जमतील ते पैसे हृदयरोगाच्या गरीब रुग्णांसाठी देतो. आत्या म्हणाली, “पळून काय होतंय? श्राद्ध कर की नीट.” आई काहीच बोलली नाही. रात्री भांडी आवरताना एवढंच म्हणाली, “तुझ्या बाबांना हृदयानंच दगा दिला. आणि आता तू पळणार?”

आत्याला उत्तर देणं सोपं होतं, श्राद्धही करणारच होतो. आईच्या प्रश्नाला मात्र उत्तर नव्हतं. आई-वडिलांच्या आठवणीत धावण्याचा विचार सीमाभागात, गोव्यात, बडोद्यात, हैदराबादेत बरेच जण करतात. त्यांनी या क्रमाने जावं.

पहिली पायरी : तपासणी

वडील किंवा भाऊ यांना ५५ वर्षांच्या आत, किंवा आई-बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टर तुमचा धोका जास्त धरतात. त्यामुळे धावायला लागण्याआधी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी एवढं तरी करून घ्या. वय, लक्षणं पाहून डॉक्टर स्ट्रेस टेस्ट किंवा इको सांगतील. घरातला इतिहास डॉक्टरांना आपणहून सांगा, विचारायची वाट पाहू नका.

माझा ईसीजी ठीक आला, कोलेस्टेरॉल मात्र बरंच वाढलेलं निघालं. गोळी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, धावा, पण यंदा २१ नको, १० पुरे. वाईट वाटलं. बाबांसाठी काहीतरी मोठं करायचं डोक्यात होतं. पण अंतरावरून आठवण मोजायची नसते, हे मग पटलं.

दुसरी पायरी : अंतर आणि सराव

मुंबई मॅरेथॉन २००४ पासून होते, साधारण जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटर, अर्धी २१.०९७, शिवाय १० किलोमीटर आणि सुमारे ६ किलोमीटरची ड्रीम रन. चालत पूर्ण केली तरी चालते अशी ही ड्रीम रन पहिल्यांदा उतरणाऱ्यांना बरी. मुंबईच झेपेल असं नाही. ऑगस्टमध्ये हैदराबादला, पावसाळा सरता सरता साताऱ्याच्या घाटात शर्यत असते. साताऱ्याची चढण मात्र नवख्यांसाठी नाही.

१० किलोमीटरसाठी बारा आठवडे धरा. आठवड्यातून तीन दिवस, एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, इथून सुरुवात. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दम लागून शब्द तुटत असतील तर वेग कमी करा. मी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत सकाळी सुरुवात केली. एक अडचण लक्षात ठेवा. आपल्याकडे डिसेंबरात हुडहुडी भरते आणि मुंबईत जानेवारीतही घामाघूम होतं. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत थोडा सराव उन्हं वर आल्यावर करा. नवीन बूट शर्यतीच्या दिवशी घालू नका. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, असं काहीही झालं तर तिथेच थांबा आणि मदत मागा.

तिसरी पायरी : पैसा कुणाला, कसा

धावण्याची फी आणि देणगी वेगळी. मोठ्या शर्यतींत काही जागा संस्थांमार्फत मिळतात, त्यांना चॅरिटी बिब म्हणतात. त्यासाठी ठरावीक रक्कम संस्थेला द्यावी लागते. ती किती आणि त्यातली प्रत्यक्ष कामाला किती जाते, हे आधी विचारा.

संस्थेकडे १२ए आणि ८०जी नोंदणी आहे का पाहा. लोकांचे पैसे स्वतःच्या खात्यात किंवा गुगल पे नंबरवर घेऊ नका. थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. हिशेबावरून भाऊबंदांत कुजबुज झाली की बाबांचं नाव मध्ये येतं. देणगीदाराला करसवलत हवी असेल तर तो जुन्या करपद्धतीत असावा लागतो. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही. संस्थेकडून पावती आणि १०बीई प्रमाणपत्र मागून घ्या.

परदेशातल्या नातेवाइकांचं वेगळं आहे. भारतीय पासपोर्ट असलेला मामेभाऊ दुबईहून बँकेमार्फत स्वतःचे पैसे पाठवू शकतो. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या चुलत बहिणीचे पैसे, तिच्याकडे ओसीआय कार्ड असलं तरी, परदेशी देणगी ठरतात. ते घ्यायला संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते. नसेल तर नम्रपणे नको म्हणा.

मागायचं कसं?

संदेश छोटा ठेवा. कोण गेलं, कशाने गेलं, पैसे कशासाठी, कुठे भरायचे. बास. फोटो एकच. आठवण एकदा करा, तगादा नको. ज्याने दिले नाहीत त्याचाही राग धरू नका, घरोघरी अडचणी असतात.

मनाचं काय?

सराव करताना सहा आठवडे मला रडू आलं नाही. एका सकाळी बाबांसारखाच मफलर गुंडाळलेले एक आजोबा समोरून आले आणि मी कट्ट्यावर बसून राहिलो. असं होतं. त्या दिवशी घरी परत या. धावल्याने दुःख संपत नाही, रोज सकाळी त्याला थोडी जागा मिळते इतकंच. झोप, जेवण तुटलं असेल तर मात्र धावण्यावर भागवू नका, डॉक्टरांशी बोला.

शर्यतीच्या दिवशी १० किलोमीटर पूर्ण केले, शेवटचे दोन जवळजवळ चालतच. आईला फोन लावला. तिनं आधी विचारलं, “छातीत दुखत नाही ना?” मग म्हणाली, “धाकट्याला पण दाखवून आणलं डॉक्टरना. बी.पी. निघालंय त्याला, गोळ्या दिल्यात.” तो २९ चा आहे. जमलेले पैसे संस्थेला पोचले, त्याची पावती फाइलमध्ये आहे. धाकट्याची गोळी आता आई रोज रात्री जेवणानंतर स्वतः हातावर ठेवते.