दीपविद्या (लेखांक सातवा) : फटीचा दिवा

गेल्या लेखांकात आपण घरोघरच्या ट्यूबलाइटचे अंतरंग पाहिले : काचेच्या नळीत अल्प दाबाखाली ठेवलेली पाऱ्याची वाफ, तिच्यातून विद्युत्प्रवाह गेला की उत्पन्न होणारे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अगोचर जंबुपार किरण, आणि ते शोषून घेऊन दृश्य प्रकाश देणारा, नळीच्या आतल्या अंगाचा पांढऱ्या पुडीचा लेप. हा दिवा आपला प्रकाश चोहो अंगांना सारखाच देतो आणि खोली उजळण्याच्या कामी तो त्याचा गुणच ठरतो; परंतु दस्तऐवजाची नक्कल काढणाऱ्या यंत्रात, जेथे काचेखालून सरकत जाणाऱ्या दिव्याने कागदाचा एका वेळी अवघा काही मिलिमीटर रुंदीचा पट्टाच उजळायचा असतो, तेथे हीच उदारता निव्वळ उधळपट्टी होऊन बसते.

योगायोग असा की, दिवा आणि यंत्र या दोहोंचे जन्मसाल एकच. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने प्रतिदीप्त दिवे, म्हणजेच ट्यूबलाइट, विक्रीस आणले ते १९३८ साली. आणि त्याच वर्षी २२ ऑक्टोबर रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन व त्यांचे सहायक ऑटो कॉर्नाय यांनी गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा कापडाने घासून त्यावर विद्युत्भार आणला, काचपट्टीवर शाईने तारीख व स्थळ लिहून ती त्यावर ठेवली, काही सेकंद तारेच्या दिव्याचा प्रखर प्रकाश पाडला आणि लायकोपोडियमची बारीक पूड भुरभुरून फुंकर मारली, तेव्हा पत्र्यावर अक्षरांपुरतीच पूड उरली. पुढे १९५९ साली याच तत्त्वावरचे ‘झेरॉक्स ९१४’ हे यंत्र बाजारात आले. गंधकाची जागा सेलेनियमचा लेप असलेल्या फिरत्या नळकांड्याने घेतली, आणि नकला जसजशा त्वरेने हव्याशा झाल्या तसतसा पट्ट्यावर पडणारा प्रकाशही अधिक तीव्र करणे भाग पडले.

येथे कोणीही सहज म्हणेल की नळीमागे आरसा बसवावा, पुढे भिंग लावावे, म्हणजे झाले. परंतु प्रकाशशास्त्राचा एक कठोर कायदा आड येतो : कोणतेही भिंग वा आरसा उगमाच्या पृष्ठाचे जे तेज असेल त्याहून अधिक तेजस्वी प्रतिमा निर्माण करू शकत नाही. पसरट, मंद उगमापासून आलेला प्रकाश कितीही गोळा केला तरी त्या मर्यादेपलीकडे जाता येत नाही. म्हणजे उपाय करायचा तो नळीबाहेर नव्हे, तर खुद्द नळीच्या पृष्ठाचे तेज वाढवून. प्रस्तुत लेखकाच्या मते दीपविद्येतील अत्यंत सुंदर युक्त्यांपैकी एक येथेच जन्मास आली.

ती युक्ती अशी. नळीच्या आत प्रथम टायटॅनियम डायॉक्साइडसारख्या शुभ्र, परावर्तक द्रव्याचा थर द्यायचा, त्यावर नेहमीच्या पुडीचा लेप चढवायचा. मात्र ३६० अंशांच्या परिघापैकी एखादा ३० ते ६० अंशांचा भाग नळीच्या लांबीभर खरवडून अगदी स्वच्छ ठेवायचा. लेपात उत्पन्न झालेला प्रकाश मागे जाऊ लागला तर शुभ्र थर त्यास परत फिरवतो, समोरच्या भिंतीवर गेला तर तीही परत फिरवते, पाऱ्याची विरळ वाफ त्याची वाट अडवत नाही, आणि अशा येरझारा करता करता त्यातील पुष्कळसा हिस्सा अखेर त्या एका फटीतून बाहेर पडतो. प्रत्येक परावर्तनात थोडा प्रकाश गिळला जातो, म्हणून एकूण प्रकाश साध्या नळीपेक्षा कमीच भरतो. पण फटीचे तेज साध्या नळीच्या पृष्ठाहून कितीतरी अधिक असते, आणि यंत्राला निकड असते ती नेमकी याचीच. फट अरुंद करावी तर तेज वाढते, परंतु आतल्या येरझारा वाढून प्रकाशाची घटही वाढते. हा हिशेब प्रत्येक यंत्रागणिक निराळा मांडावा लागतो. उघड्या फटीतून घातक जंबुपार किरण बाहेर येतील ही शंका रास्त आहे, पण २५४ नॅनोमीटरचे किरण साधी सोडा-काचच अडवून धरते.

पुडीचा रंगही यंत्राच्या मर्जीनुसार ठरतो. सेलेनियमला निळा-हिरवा प्रकाश चांगला जाणवतो, तांबड्याची मात्र त्यास फारशी दखल नसते. म्हणून अशा दिव्यांत मँगनीजयुक्त झिंक सिलिकेटसारखी, ५२५ नॅनोमीटरच्या आसपास हिरवा प्रकाश देणारी पूड योजली जाई. जुन्या यंत्रांतून काढलेल्या नकलेत फिकट निळ्या शाईची सही उमटत नसे त्याचे मूळही येथेच आहे : सेलेनियमच्या लेखी तो निळा रंग आणि कोरा कागद यांत फारसा भेदच नव्हता.

टोकांजवळ नळी मंद असते, यास्तव ती कागदाच्या रुंदीहून लांब ठेवतात. आणि सेकंदास शंभर वेळा होणाऱ्या चढउताराचे पट्टे प्रतिमेवर पडू नयेत म्हणून नळीला उच्च वारंवारतेचा प्रवाह पुरवतात. खरी अडचण पाऱ्याची. त्याच्या वाफेचा दाब नळीच्या सर्वांत थंड जागेवर अवलंबून असतो आणि काचेचे तपमान ४० अंश सेल्सियसच्या आसपास असताना प्रकाश अव्वल मिळतो. सकाळी गार पडलेले यंत्र पहिल्या नकलेपूर्वी ताटकळत ठेवते त्याचे एक कारण हेच, आणि कित्येक यंत्रांत नळी ऊबदार राहावी म्हणून तापकाची स्वतंत्र तजवीज करावी लागली. या जाचातून सुटण्यासाठी पुढे पाऱ्याऐवजी झेनॉन वायू आला, जो १७२ नॅनोमीटरचे किरण देतो आणि ज्यास तपमानाची फारशी पर्वा नसते. फट मात्र त्या नळीतही तशीच राहिली. त्या दिव्याचा तपशील पुढील लेखांकी.