विमान साडेनऊ तासांचे, पण घर कधी सोडाल?

लेकीच्या बाळंतपणाला नाहीतर मुलाच्या भेटीला म्हणून आता आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आयाही लंडनच्या विमानात बसू लागल्या आहेत. तिकीट मुलगा तिकडून पाठवतो. ते वाचायचे मात्र घरच्यांनी, आणि घोटाळा होतो तो तिथेच.

आधी अंतर पाहू. नगर आणि मुंबईचा विमानतळ जवळपास एकाच अक्षांशावर. सरळ पश्चिमेला उडणाऱ्या पाखराला हे अंतर दोनशे किलोमीटरही भरत नाही. माळशेज घाटाने मोटारीला मात्र अडीचशेच्या घरात पडते. विमानाचेही तसेच. मुंबई ते लंडन सरळ हवाई अंतर सुमारे ७२०० किलोमीटर. पण लढाई पेटली की वाटेतले आकाश बंद होते, जसे फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे झाले, आणि विमानाला वळसा पडतो. तरी पूर्वीपेक्षा सुख म्हणायचे! ८ जून १९४८ च्या रात्री निघालेले एअर इंडियाचे पहिले लंडन विमान कैरो, जिनेव्हा असे थांबत १० जूनला सकाळी पोचले होते. आता न थांबता नऊ-दहा तास लागतात.

तिकिटावर मात्र हे तास सरळ दिसत नाहीत. समजा, जून महिन्यात विमान दुपारी २ ला सुटते आणि संध्याकाळी ७ ला उतरते. पाचच तास? नव्हे. सुटण्याची वेळ मुंबईच्या घड्याळाची, उतरण्याची लंडनच्या. उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असते, म्हणून प्रवास साडेनऊ तासांचा. हिवाळ्यात हाच फरक साडेपाच तासांचा होतो.

खरा धोका रात्रीच्या विमानाचा. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. विमानाची तारीख मध्यरात्री १२ ला बदलते. तिकिटावर '१५ तारीख, ०१:३०' असेल तर ती चौदाव्या तारखेला जेवून झाल्यावरची रात्र. पंधराला संध्याकाळी सामान बांधायला घ्याल, तर विमान कधीच गेलेले असेल आणि तिकिटाचे पैसेही बहुधा गेले.

मग उलटा हिशेब करा. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोचावे, म्हणजे १४ ला रात्री साडेदहा. नगरहून रस्त्याला सहा-सात तास, वर चहापाणी, टायर पंक्चर, कल्याण-ठाण्याची गर्दी. १४ ला दुपारी २ पर्यंत घर सोडलेले बरे. पावसाळ्यात माळशेजला दरडी कोसळतात, तेव्हा पुण्यावरून जा आणि आणखी लवकर निघा.

येताना साडेचार तास मिळवायचे नाहीत, वजा करायचे. रात्री ९ ला निघालेले विमान दुसऱ्या दिवशी सकाळी १० ला मुंबईत उतरले, तर प्रवास साडेआठच तासांचा. पश्चिमेचे वारे पाठीशी असतात ना! आईला घ्यायला जाणाऱ्याला तारीख सांगताना ही दुसऱ्या दिवसाचीच सांगा.