मुलांचं चालणं, मुलांचं वजन आणि गावाची रचना

मंडळी, विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या मास्तरांचं इथं काय काम? हा तर डॉक्टरांचा, नाही तर पीटीच्या सरांचा विषय. पण प्रश्न कारणाचा आहे. चौदा-पंधरा वर्षांचं पोर हलत नाही, अंगानं सुटत चाललंय, तर याचं कारण त्याचा आळस, की ते राहतं ती गल्ली? आणि कारण नेमकं कशाला म्हणायचं, यावर आमच्या शास्त्रात फार जुनं भांडण आहे. म्हणून आम्ही बोलायचं ठरवलं.

आधी थोडे आकडे. ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी धाप लागेल, घाम येईल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१९ साली १४६ देशांतल्या शाळकरी मुलांची माहिती एकत्र करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ११ ते १७ वयाची जगातली ८१ टक्के मुलं हा एक तास भरत नाहीत. भारतात हे प्रमाण ७४ टक्क्यांच्या आसपास. मुलींचं मुलांपेक्षा थोडं जास्त. म्हणजे जगाच्या मानानं आपण बरे. हे बरेपण कुठून आलं? संशोधकांचा अंदाज असा की मुलग्यांच्या बाबतीत क्रिकेटमुळे आणि मुलींच्या बाबतीत घरकामामुळे.

इथं जरा थांबू. हंडा वाहिला काय किंवा खो-खो खेळलं काय, हृदयाला फरक कळत नाही, मिनिटं तीच भरतात. पण एकानं जीव शिणतो आणि दुसऱ्यानं हुशारी येते, हे सांगायला कुठल्या यंत्राची गरज नाही. मुली हलतात एवढ्यावर समाधान मानायचं नसतं, कशासाठी हलतात तेही विचारायचं असतं.

आता कारणाकडे येऊ. न्यायशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच एक गाढव भेटतं. कुंभार घडा करतो. माती, चाक, दांडा आणि कुंभार ही घड्याची कारणं. पण ती माती ज्या गाढवाच्या पाठीवरून आली, ते गाढवही घड्याच्या आधी हजर होतंच की! मग ते कारण का नाही? तर माती दुसऱ्या कशानंही आली असती, घडा तरीही झाला असता. गाढव नुसतं आधी होतं, सोबत होतं. अशाला नैयायिक ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. परिसर आणि मुलांचं आरोग्य यांवरच्या अभ्यासांची सगळी अडचण या एका शब्दात आहे. मैदान हे चाक आहे की गाढव?

आपल्या संभाजीनगरचंच बघा. १९७०च्या दशकात सिडको आली आणि तिनं एन-१, एन-२ अशा क्रमांकांच्या वसाहती आखल्या. आखतानाच रस्ते, बागा, मोकळ्या जागा सोडल्या. दुसरीकडे गुंठ्या-गुंठ्यानं जमीन विकत घेऊन लोकांनी घरं बांधली. त्या गुंठेवारी वस्त्या नियमित करायला २००१ साली कायदा करावा लागला. तिथं मैदान आखणार कोण? समजा, सिडकोतली मुलं जास्त खेळताना दिसली. श्रेय मैदानाचं, की बापाच्या पक्क्या पगाराचं, की मुळात खेळाची हौस असलेली कुटुंबंच मैदानाजवळ घर शोधतात म्हणून? नुसतं मोजून हे सुटत नाही.

सोडवायचा एक मार्ग अमेरिकेत सापडला, तोही चिठ्ठी टाकून. १९९४ ते १९९८ या काळात पाच शहरांतल्या अतिगरीब वस्त्यांमधल्या काही हजार कुटुंबांतून सोडतीनं काहींना कमी गरिबीच्या वस्तीत जायला मदत दिली. कोण जाणार हे चिठ्ठीनं ठरलं, हौसेनं नाही. दहा-पंधरा वर्षांनी तपासलं, तेव्हा ज्यांना संधी मिळाली त्या बायकांमध्ये टोकाचा लठ्ठपणा आणि मधुमेह यांचं प्रमाण कमी भरलं. आकडा फार मोठा नव्हता, पण होता. हे निष्कर्ष आयांचे आहेत, पोरांचे नाहीत, हे ध्यानात ठेवा. तरी परिसर म्हणजे निव्वळ गाढव नव्हे, एवढं त्यातून निघतं.

मुलांबद्दल काय कळतं? २०११ साली शंभरावर अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. लहान मुलांच्या बाबतीत वाहनांचा वेग, वर्दळ, जवळचं खेळायचं ठिकाण यांचा हालचालीशी संबंध दिसला. किशोरांच्या बाबतीत जास्त भरवशाचा संबंध दिसला तो दाट वस्तीशी आणि घरं, दुकानं, सेवा एकमेकांत मिसळलेल्या असण्याशी. आम्हाला हे फार बोलकं वाटतं. पंधरा वर्षांचं पोर झोक्यासाठी घराबाहेर पडत नाही. मित्राकडे, टपरीवर, क्लासला, वाचनालयात, असं कुठंतरी जायचं असतं म्हणून ते चालतं. जायला ठिकाण नसेल तर नुसता रस्ता पायाला हलवत नाही.

आता या आपल्या वेरूळकडे बघा. जगभरातून माणसं इथं येऊन चालतात. चौतीस लेणी सुमारे दोन किलोमीटरांत पसरलेली; या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत आलं तर चार किलोमीटर होतात. पण ते खेळायचं ठिकाण नाही, आणि नसावंच. पंधरा वर्षांपर्यंत तिकीट नाही, पुढे आहे. म्हणजे नेमकं मिसरूड फुटायच्या वयात गावच्या पोरालाही तिथं पाहुणा व्हावं लागतं. श्रावणात आणि महाशिवरात्रीला घृष्णेश्वराच्या दर्शनाला गर्दी लोटते, तेव्हा रस्ता गाड्यांचा. खुलताबाद इथून जेमतेम चार किलोमीटर. पायी गेलं तर पाऊण तास, वर घाट. जाऊन-येऊन जागतिक आरोग्य संघटनेचा तास भरून वर उरेल! पण गाड्यांच्या कडेनं त्या घाटातून आपली मुलगी एकटी पाठवायला किती जण तयार आहात? हात वर करू नका, उत्तर आम्हाला ठाऊक आहे. ती रिक्षानं नाही तर एसटीनं जाते. नकाशावर अंतर तेवढंच राहिलं. परिसर मात्र बदलला.

आमचा मुद्दा हाच आहे. एका गावात एकच परिसर नसतो. भाऊ आणि बहीण एका घरात राहतात, पण पाळी सुरू झाल्यावर तिचं गाव आक्रसत जातं. आधी डोंगर जातो, मग मैदान, मग पार, शेवटी दुकानापर्यंतचा रस्ताही दिवेलागणीपर्यंतच. त्याच वर्षांत भावाचं गाव वाढत असतं, आधी सायकलनं, मग मोटारसायकलनं. मोटारसायकल आली की त्याचंही चालणं संपतं, ते वेगळं. शिक्षण हक्क कायद्यानं शाळेला मैदान असावं असं सांगितलं. पण मैदान असणं आणि ते संध्याकाळी पाच वाजता आठवीतल्या मुलीला मिळणं, या दोन गोष्टी आहेत. मोजणारे बहुधा पहिली मोजतात.

राहिला वजनाचा प्रश्न. त्याबद्दल सावध राहा. हालचालीशी परिसराचा संबंध जितका दिसतो, तितका वजनाशी सरळ दिसत नाही, कारण वजनात ताट येतं, झोप येते, आईच्या पोटातलं पोषण येतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता-बालकांचा अभ्यास केला. आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा हलकी, पण चरबीच्या बाबतीत तितकी मागे नाहीत, असं त्यांना दिसलं. २००४ साली त्यांनी स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! तेव्हा पोरगं काटकुळं आहे म्हणून ठीक आहे, असं समजू नका. २०१६ ते २०१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात किशोरवयीनांपैकी २४ टक्के कृश आणि ५ टक्के जादा वजनाचे निघाले. जाडीवर नजर ठेवून बसलो तर मोठी रांग आपल्या पाठीमागून निघून जाईल. आणि कृश पोराला आधी पोटभर ताट द्या, मग पळायला सांगा.

करायचं काय, असं मघाशी एका ताईंनी विचारलं. ग्रामसभा होतात, तिथं मोकळ्या जागेचा विषय येतोच, आणि कुणीतरी म्हणतं, गाळे काढू, पार्किंग करू, चार पैसे येतील. यात्रेच्या गावात हे म्हणणं खोटं नाही. पण त्या सभेच्या आधी शाळेत आठवी ते दहावीच्या मुलामुलींना कोरे कागद द्या. संध्याकाळी पाचनंतर तुम्ही एकट्यानं जाऊ शकता ती सगळी ठिकाणं काढा, एवढंच सांगा. नावं घालायची नाहीत. फक्त मुलगा की मुलगी, आणि वय. ते कागद सभेत भिंतीवर चिकटवा, मुलांचे एकीकडे, मुलींचे दुसरीकडे. जागेचं मतदान त्यानंतर घ्या.