माणसांचा जमाखर्च

दोस्तांनो, घरातली महिन्याच्या हिशेबाची वही तुम्ही कधी वाचून पाहिली आहे? दूध, किराणा, वीजबिल, शाळेची फी... वरवर नुसते कंटाळवाणे आकडे! पण तीच वही नीट वाचली, तर घरात माणसं किती, कोण आजारी पडलं होतं, पैसे कुठे जास्त खर्च झाले, हे परक्या माणसालाही कळेल. हिशेबाच्या वह्या फार बोलक्या असतात. आज आपण अशाच काही जुन्या कागदांत डोकावणार आहोत. ते आहेत एका साखरेच्या मळ्याचे.

कॅरिबियन समुद्रातलं जमैका बेट तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होतं. बेटाच्या पश्चिम भागात 'मेसोपोटेमिया' नावाचा ऊसमळा होता. त्याचे मालक होते बॅरम घराण्यातले. पण ते राहायचे समुद्रापलीकडे, इंग्लंडमध्ये! मळा सांभाळायला पगारी माणसं ठेवलेली. मालक हजर नाही म्हटल्यावर प्रत्येक गोष्ट लिहून कळवणं आलंच. साखरेची पिंपं किती भरली, मळीपासून रम किती गाळली, खर्च किती झाला, हे सगळं कागदावर यायचं.

आणि त्याबरोबर यायची आणखी एक यादी. गुलामांची.

आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणून विकलेली माणसं आणि त्यांची मुलं-नातवंडं हा मळा चालवत होती. १७६२ पासून १८३३ पर्यंतच्या त्यांच्या याद्या आजही ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत. नाव, वय, काम आणि प्रकृती, असे त्यात रकाने. प्रकृतीच्या रकान्यात 'धडधाकट', 'आजारी', 'अशक्त' असे शेरे. माणसांची यादी संपली की जनावरांची! कायद्याच्या लेखी दोन्ही मालमत्ताच होत्या ना!

जमैकातल्या मळ्यांच्या हिशेबाची एक रीत ऐकाल, तर अंगावर काटा येईल. बाळ जन्मलं की ते 'वाढ' या सदरात लिहायचं. माणूस मेला की 'घट'. गाईला वासरू झालं किंवा बैल मेला, तरी सदरं हीच.

ही 'घट' फार मोठी होती. रिचर्ड डन या अमेरिकन इतिहासकारांनी मेसोपोटेमियाच्या याद्या वर्षानुवर्षं एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि २०१४ मध्ये त्यावर मोठं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्या ७१ वर्षांत मळ्यावर ४२० जन्मांची नोंद होती, आणि मृत्यूंची ७५१! म्हणजे जन्मांपेक्षा ३३१ मृत्यू जास्त. ही तूट भरून काढायला मालक नवी माणसं विकत घेत राहिले.

एवढी माणसं का मरत होती? त्याचं उत्तर 'काम' या रकान्यात सापडतं. तुमच्यापैकी काहींनी गुऱ्हाळ पाहिलं असेल. ऊस तोडला की लवकर गाळावा लागतो, नाहीतर रस बिघडतो. त्यामुळे हंगामात चरक आणि उकळत्या रसाच्या कढया रात्रंदिवस चालू. झोपेच्या गुंगीत एखाद्याचा हात चरकात सापडायचा. हंगाम संपला की उन्हात कुदळीने खड्डे खणून नवी लागवड. सगळ्यात जड काम पहिल्या टोळीकडे, आणि त्या टोळीत बायकाही मोठ्या संख्येने असत. लहान मुलांची वेगळी टोळी असे. सहा-सात वर्षांची झाली, की मुलं गवत गोळा करायला, तण काढायला जुंपली जात. म्हणजे आपल्याकडे मूल पहिलीत जातं त्या वयात!

गुलाम गप्प बसले होते असं मात्र समजू नका. कुणी पळून जायचे. १८३१ च्या नाताळात सॅम्युअल शार्प यांच्या पुढाकाराने पश्चिम जमैकात हजारोंनी काम बंद केलं. त्याचा मोठा उठाव झाला. शार्प यांना १८३२ मध्ये फाशी दिली गेली. आज ते जमैकाचे राष्ट्रीय वीर मानले जातात.

पुढच्याच वर्षी, १८३३ मध्ये, ब्रिटिश संसदेने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. आणि मग झाला शेवटचा हिशेब. सरकारने नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड मंजूर केले. कुणाला? मालकांना! 'मालमत्ता' गेली म्हणून. सहा वर्षांखालच्या मुलांचासुद्धा त्यात वेगळा रकाना होता. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबून साखर पिकवली, त्यांना एक पैसाही मिळाला नाही. उलट सहा वर्षांवरच्या सगळ्यांना १८३८ पर्यंत 'उमेदवार' म्हणून त्याच मालकांकडे राबावं लागलं. या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड ब्रिटनने केली २०१५ मध्ये!

गुलाम सुटले, तरी मळ्यांना मजूर हवेच होते. म्हणून भारतातून करारावर माणसं नेण्यात आली. करार ठरावीक वर्षांचा आणि मजुरी ठरलेली. ही गुलामगिरी नव्हती, पण हाल पुष्कळ झाले. मुंबई बंदरातून मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर गेलेल्यांत मराठी माणसंही होती. तिथल्या नोंदवह्याही जपलेल्या आहेत, आणि आपले खापरपणजोबा कोणत्या गावचे, हे त्यांच्यावरून शोधणारी कुटुंबं आज मॉरिशसमध्ये आहेत.

जमैकाच्या याद्यांचाही आज असाच उपयोग होतो. त्यात क्वाशी, कजो, फिबा अशी नावं भेटतात. ही पश्चिम आफ्रिकेतली वारांवरून ठेवलेली नावं. क्वाशी रविवारचा, कजो सोमवारचा, फिबा शुक्रवारची. आपल्याकडच्या सोमा, मंगळ्या, बुध्यासारखीच! मालकाने माणसांना मालमत्तेत मोजलं, पण मोजण्यासाठी त्याला नावं लिहावी लागली. लिहिणाऱ्याला हवा होता फक्त नफ्याचा आकडा. आज त्या नावांवर बोट ठेवून कुणीतरी म्हणतं, "ही माझी पणजीची पणजी."

इतिहासाच्या पुस्तकात एखादा तक्ता आला, की आपण पटकन पान उलटतो. यापुढे जरा थांबा. हे आकडे कुणी लिहिले, कुणासाठी लिहिले, आणि ज्यांच्याबद्दल लिहिले त्यांना कुणी विचारलं होतं का, हे आईबाबांना किंवा बाईंना नक्की विचारा.